चक्री फिरली म्हणजे व्हॉल्व्ह बंद झाला?

इंदापूर तालुक्यात वरकुटे खुर्द, वरकुटे बुद्रुकच्या पंचक्रोशीत व्हॉल्व्हशिवाय कुणाचंच काम चालत नाही. उजनी धरणाच्या फुगवट्यातून उचललेलं पाणी लांबलांबच्या पाइपलाइनीतून उसापर्यंत पोचतं. भवानीनगर, बिजवडी, शहाजीनगर आणि शेजारच्या बारामती तालुक्यात माळेगाव, सोमेश्वरनगर इथले साखर कारखाने वाफेवर चालतात. लोणी देवकरच्या एमआयडीसीत आणखी वेगळ्या लाईनी. पाणी, वाफ, रस, मळी, हवा, काहीही अडवायचं म्हटलं की चक्रीला हात घालावा लागतो.

पण या व्हॉल्व्हबद्दलचे समज बहुधा ऐकीव असतात. जुन्या फिटरकडून नव्याकडे येताना चांगल्या सवयींबरोबर चार वाईटही येतात. व्हॉल्व्ह वय झालं म्हणून क्वचितच निकामी होतो. चुकीच्या कामाला जुंपल्याने, नको तिथे जोर लावल्याने आणि वर्षानुवर्षं हात न लावल्याने तो जातो.

गैरसमज १ : गेट व्हॉल्व्ह अर्धा उघडा ठेवून पाणी कमी-जास्त करता येतं.

वस्तुस्थिती : गेट व्हॉल्व्हला दोनच अवस्था मानवतात, पूर्ण उघडा आणि पूर्ण बंद. आतलं गेट पाचरीच्या आकाराचं असतं. ते दोन बैठकींच्या, म्हणजे सीटच्या, मधे उतरून वाट अडवतं. ते अर्ध्यावर लटकत ठेवलं की खालच्या फटीतून पाणी जोरात सुटतं, गेट थरथरतं आणि बैठक झिजते. वाफेच्या लाईनवर हे आणखी लवकर होतं. ओल्या वाफेतले थेंब बैठकीवर बारीक चर कोरतात, आणि एकदा चर पडला की पुढे कितीही घट्ट करा, वाफ निसटतच राहते. शिवाय नियंत्रणही धड मिळत नाही. सुरुवातीच्या थोड्या आट्यांतच बराचसा प्रवाह सुटतो, नंतर चक्री फिरवूनही फारसा फरक पडत नाही.

मोटार जास्त अँपिअर घेते म्हणून डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह थोडा दाबून ठेवायची पद्धत सगळीकडे आहे. सेंट्रिफ्यूगल पंपाचा प्रवाह कमी केला की मोटारीवरचा लोड उतरतो, हे खरंच आहे. चूक होते ती व्हॉल्व्ह निवडण्यात. या कामासाठी ग्लोब व्हॉल्व्ह असतो, मोठ्या लाईनवर बटरफ्लाय चालतो. बॉल व्हॉल्व्हसुद्धा अर्धवट ठेवू नये, त्याची टेफ्लॉनची सीट कापली जाते.

गैरसमज २ : व्हॉल्व्ह नीट बंद होत नसेल तर चक्रीत पाईप अडकवून आवळावा.

वस्तुस्थिती : चक्रीचा व्यास मनाला येईल तसा ठरवलेला नसतो. माणसाच्या हाताच्या जोरात व्हॉल्व्ह बंद व्हावा, या हिशेबाने तो ठरतो. त्यात दोन-तीन फुटांचा पाईप अडकवला की जोर कितीतरी पटीने वाढतो. मग स्पिंडल वाकतो, नाहीतर गेटमधल्या पितळी नटाचे आटे जातात. आटे गेले की चक्री मजेत फिरते, स्पिंडलही फिरतो आणि गेट मात्र जागचं हलत नाही. ज्या व्हॉल्व्हचा स्पिंडल वर येत नाही, त्यात हे बाहेरून कळतही नाही. व्हॉल्व्ह बंद झाला असं समजून माणूस पुढच्या कामाला लागतो.

पाण्याच्या लाईनवर शेवटचे दोन-चार आटे जड जातात त्याचं नेहमीचं कारण गाळ असतं. धातूच्या सीटच्या स्लुईस व्हॉल्व्हला तळाशी खाच असते. नदीचं किंवा कालव्याचं पाणी असेल तर त्या खाचेत वाळू, खडे, शिंपले बसतात आणि गेट त्यावर टेकतं. अशा वेळी चक्री दोन-तीन आटे मागे घ्यायची. अरुंद वाटेतून जोरात जाणारं पाणी गाळ पुढे ढकलतं. मग पुन्हा बंद करायचा. चार-पाच वेळा असं केलं की बहुधा गेट खाली बसतं. रबर चढवलेल्या गेटच्या नव्या व्हॉल्व्हना तळाशी खाच नसते, म्हणून गाळाच्या पाण्याला ते बरे पडतात.

व्हॉल्व्ह चांगला असतानाच तो किती आट्यांत बंद होतो हे मोजून नोंदवहीत लिहून ठेवावं. पुढे तोच व्हॉल्व्ह चार आटे आधी अडला तर खाली काहीतरी आहे, आणि चार आटे जास्त फिरला तर आत काहीतरी तुटलंय.

गैरसमज ३ : ज्या व्हॉल्व्हला कुणी हात लावत नाही, तो चांगलाच राहतो.

वस्तुस्थिती : न हलणारा व्हॉल्व्ह जाम होतो. स्पिंडलच्या आट्यांवर क्षार आणि गंज चढतो, पॅकिंग वाळून कडक होतं, गेट बैठकीला धरून बसतं. अडचण कळते ती लाईन फुटून पाणी वाहायला लागल्यावर, म्हणजे नेमका तोच व्हॉल्व्ह हवा असतो तेव्हा.

उपाय फुकटचा आहे. वर्षातून एकदा तरी, आणि महत्त्वाच्या जागी सहा महिन्यांनी, व्हॉल्व्ह पूर्ण बंद करून पूर्ण उघडावा. उघडल्यावर चक्री अर्धा आटा मागे घ्यावी, म्हणजे तो त्या टोकाला घट्ट बसत नाही. आट्यांना ग्रीस लावताना जागा बघावी. वाफेच्या लाईनवर साधं ग्रीस जळून कोळसा होतं, तिथे उष्णता सोसणारी ग्रॅफाइटसारखी पेस्ट लागते. ईपीडीएम रबराची सील असेल तर खनिज तेलाचं ग्रीस लावल्याने ती फुगते, तिथे सिलिकॉन ग्रीस वापरावं.

गैरसमज ४ : ग्लँडमधून, म्हणजे स्पिंडलभोवतीच्या पॅकिंगच्या जागेतून, थेंब आला की नट आवळत राहायचं.

वस्तुस्थिती : पहिल्यांदा नट आवळणं योग्यच आहे, पण थोडं आणि दोन्ही बाजूंनी सारखं. एका नटाला एक कड, मग दुसऱ्याला एक कड. एकच बाजू आवळली तर ग्लँड तिरका होऊन स्पिंडलला घासतो. दर महिन्याला आवळावं लागत असेल तर पॅकिंगचं आयुष्य संपलेलं आहे. आतली दोरी कडक झाली की ती गळती अडवत नाही, स्पिंडल कोरते.

पॅकिंग बदलायचं काम तासाभराचं, पण रीत पाळून करायचं. आधी लाईनचा दाब काढायचा. जुनी दोरी हुकाने एकूण एक बाहेर काढायची. वरच्या दोन कड्या काढून नव्या दोन ढकलण्याची पळवाट महिनाभरच पुरते. मग स्पिंडल पुसून बोट फिरवून पाहायचं. नखाला चर लागला तर नवी दोरीही टिकणार नाही, आधी स्पिंडल घासून गुळगुळीत करायचा. नवी दोरी स्पिंडलच्याच मापाच्या सळईवर गुंडाळून तिरका छेद देऊन कड्या कापायच्या. एकच लांब दोरी गोल गोल भरायची नाही. प्रत्येक कडी वेगळी बसवायची, ठोकून जागेवर न्यायची, आणि एकीचा जोड दुसरीच्या जोडावर येऊ द्यायचा नाही, पाव वर्तुळ सरकवत जायचं. शेवटी नट हाताने लावून मग पान्ह्याने हलके आवळायचे. दाब आल्यावर थेंब दिसला तर तेव्हा एकेक कड पुढे. चक्री हाताने फिरली पाहिजे, हीच आवळण्याची मर्यादा.

जुन्या वाफेच्या व्हॉल्व्हमधली पांढुरकी दोरी अ‍ॅस्बेस्टॉसची असू शकते. तिची धूळ फुप्फुसात गेली की कॅन्सरचा धोका असतो. ती कोरडी खरवडू नये, फुंकर किंवा कॉम्प्रेसरची हवा तर मुळीच मारू नये. ओली करून, योग्य मास्क लावून काढावी आणि बंद पिशवीत भरावी.

गैरसमज ५ : व्हॉल्व्ह बंद केला की पुढची लाईन खोलायला हरकत नाही.

वस्तुस्थिती : सगळ्यांत महागात पडणारा समज हा. व्हॉल्व्ह बंद असणं आणि लाईन निर्धोक असणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. बैठक झिजलेली असेल तर बंद व्हॉल्व्हही थोडा थोडा सोडत राहतो. फिटर त्याला 'पास होतोय' म्हणतात. जुने साखर कारखाने साधारण २१ किलो (प्रति चौरस सेंटिमीटर) दाबाच्या वाफेवर चालत. सहवीजनिर्मिती आल्यापासून ६७ ते ११० किलोचे बॉयलर आले. एवढ्या दाबावर पास होणारा व्हॉल्व्ह भरवशावर सोडता येत नाही.

म्हणून लाईन खोलण्याआधी व्हॉल्व्ह बंद करायचा, चक्रीला साखळी आणि कुलूप घालायचं, 'काम चालू आहे' अशी पाटी लावायची आणि कुलपाची किल्ली काम करणाऱ्याच्याच खिशात ठेवायची. मग ड्रेन उघडून लाईन रिकामी करायची. आत माणूस जाणार असेल किंवा काम लांबणार असेल तर फ्लँजमधे ब्लँक, म्हणजे वाट बंद करणारी चकती, मारायचा. दोन व्हॉल्व्ह बंद आणि त्यांच्या मधला ड्रेन उघडा, ही जोडणी असेल तर उत्तमच.

व्हॉल्व्ह स्वतःच खोलायचा असेल तर आणखी एक सापळा आहे. बंद गेट व्हॉल्व्हच्या दोन बैठकींच्या मधे, बॉनेटच्या, म्हणजे वरच्या झाकणाच्या, पोकळीत, दाब अडकून राहतो. लाईन रिकामी झाली तरी तो तिथेच असतो. त्यातलं पाणी गरम असेल तर बोल्ट सैल होताच त्याची वाफ होते, आणि वाफ झाली की ते पाण्याच्या सुमारे १६०० पट जागा मागतं. त्यामुळे बोल्ट पूर्ण काढायचे नाहीत. आपल्यापासून लांबच्या बाजूचे आधी थोडे सैल करायचे, नट आट्यांवरच ठेवायचे, आतला दाब निघून जाऊ द्यायचा, आणि मगच पुढे.

व्हॉल्व्हच्या खोल चेंबरमध्ये, मळीच्या टाकीत किंवा पिटमध्ये उतरण्याआधी हवा तपासलीच पाहिजे. १९४८च्या कारखाने अधिनियमात कलम ३६ याचसाठी होतं. पाणीपुरवठ्याच्या चेंबरला ते कलम लागू नव्हतं, तरी हवा तिथेही तितकीच घातक असू शकते.

गैरसमज ६ : व्हॉल्व्ह जितका चटकन बंद होईल तितका चांगला.

वस्तुस्थिती : वाहतं पाणी एकदम अडवलं की त्याचा वेग दाबात बदलतो आणि हा धक्का पाइपात मागे पळत जातो. याचं गणित रशियन शास्त्रज्ञ निकोलाय झुकोव्हस्की यांनी १९व्या शतकाच्या अखेरीस मॉस्कोच्या पाणीपुरवठ्यावर प्रयोग करून मांडलं. ते आपल्या शेतावर लावून पाहू. सहा किलोच्या पीव्हीसी पाइपात हा धक्का सेकंदाला साधारण ३०० मीटर वेगाने पळतो. पाणी सेकंदाला दीड मीटर वेगाने वाहत असेल आणि टोकाचा व्हॉल्व्ह झटक्यात बंद केला, तर दाब सुमारे साडेचार किलोने वाढतो. लाईनवर आधीच चार किलो दाब असेल तर बेरीज साडेआठ, आणि पाईप सहाचा.

किती सावकाश बंद करायचा, हेही त्याच गणितातून निघतं. दीड किलोमीटरच्या लाईनवर धक्का टोकाला जाऊन परत यायला १० सेकंद लागतात. त्याच्या आत व्हॉल्व्ह बंद झाला तर पूर्ण धक्का बसतो. बंद करायला त्याच्या कितीतरी पट वेळ घेतला तर तो विरतो. गेट व्हॉल्व्हची चक्री आपोआप वेळ घेते. पाव फेरीत बंद होणारा बॉल किंवा बटरफ्लाय व्हॉल्व्ह लांब लाईनवर असेल तर गियर बॉक्स हवा.

वाफेच्या लाईनला उलट काळजी लागते, ती उघडताना. थंड लाईनमध्ये साचलेलं पाणी वाफ पुढे ढकलत नेते आणि ते वळणावर जाऊन आदळतं. हंगामाच्या पहिल्या वाफेला ड्रेन उघडे ठेवून लाईन हळूहळू तापवायची ती म्हणूनच.

गैरसमज ७ : पास होणारा व्हॉल्व्ह म्हणजे भंगार.

वस्तुस्थिती : घरगुती नळाएवढा पितळी व्हॉल्व्ह बदललेलाच स्वस्त पडतो. मोठ्या व्हॉल्व्हचं तसं नाही. बॉडी शाबूत असेल तर बैठक आणि गेट ग्राइंडिंग पेस्टने घासून, म्हणजे लॅपिंग करून, पुन्हा बसवता येतात. घासणं पुरलं की नाही, ते निळ्या रंगाने कळतं. बैठकीवर रंगाचा पातळ थर द्यायचा, गेट टेकवून उचलायचं. गेटवर निळं वर्तुळ न तुटता उमटलं तर संपर्क सगळीकडे आहे. वर्तुळ जिथे तुटलं, तिथून वाफ जाणार. मग पाण्याने दाबचाचणी घ्यायची. नेहमीचा दंडक असा, की बॉडी कामाच्या दाबाच्या दीडपट दाबावर तपासतात आणि सीट त्याहून कमी दाबावर.

बॉयलरच्या व्हॉल्व्हची गोष्ट मात्र वेगळी. तिथे दुकानातून आणला आणि बसवला, असं चालत नाही. १९५०च्या भारतीय बॉयलर विनियमांप्रमाणे त्याला प्रमाणपत्र लागतं. आणि बॉयलर व सेफ्टी व्हॉल्व्हच्या मधे बंद करणारा व्हॉल्व्ह कधीही नसतो, तात्पुरतासुद्धा नाही.

गैरसमज ८ : व्हॉल्व्हची कामं काढायची ती हंगाम संपल्यावर.

वस्तुस्थिती : खोलायचे हंगाम संपल्यावर, यादी करायची हंगाम चालू असताना. गाळप थांबून लाईनी थंड झाल्या की सगळे व्हॉल्व्ह सारखेच दिसतात. कुठला पास होतोय, कुठल्या ग्लँडला वाफ आहे, हे दाब असतानाच कळतं. म्हणून शेवटच्या पंधरवड्यात प्रत्येक बंद व्हॉल्व्हच्या पुढचा पाईप लांबून मोजणाऱ्या तापमापकाने पाहावा. बंद व्हॉल्व्हपुढचा पाईप तासाभरानंतरही तापलेलाच असेल तर तो यादीत घ्यायचा. बॉडीला सळई लावून कान दिला तर आतली शिट्टीही ऐकू येते. व्हॉल्व्हला नंबराचा पत्रा बांधायचा, वहीत नंबर, जागा, आट्यांची संख्या आणि दोष लिहायचा.

उजनीवरच्या पाइपलाइनवाल्यांनाही हेच लागू आहे. उन्हाळ्यात पाणी मागे हटतं, मोटारी पुढे सरकवाव्या लागतात आणि लाईन खोललेलीच असते. त्याच वेळी फूट व्हॉल्व्ह, पाणी मागे येऊ न देणारा एनआरव्ही आणि स्लुईस व्हॉल्व्ह खोलून साफ केले तर वेगळा खाडा करावा लागत नाही. यादी हातात नसेल तर सगळेच व्हॉल्व्ह खोलावे लागतात किंवा एकही खोलला जात नाही, आणि बहुतेक ठिकाणी दुसरंच होतं.