परसातील कोंबड्या : संकर करा, पण खुडूक कोंबडी गमावू नका

अंबड हा मोसंबी आणि कापसाचा तालुका. पाऊस दगा देतो तेव्हा शेतकऱ्याचा हात आखडतो आणि त्याबरोबर शिंपी, लोहार, मिस्त्री, फेरीवाले यांचे कामही आटते. अशा दिवसांत परसातील दहा-पंधरा कोंबड्या मीठ-मिरचीचा आणि मुलांच्या वह्यांचा खर्च भागवितात. हा धंदा बहुधा घरातील स्त्रियांच्या हाती असतो, म्हणून त्याचा हिशेब कोणी मांडत नाही. तो आज आम्ही मांडत आहोत.

संकर कशासाठी?

गावरान कोंबडी वर्षाला साधारण पन्नास-साठ अंडी देते. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेने विकसित केलेल्या 'ग्रामप्रिया' जातीची कोंबडी दीडशेच्या वर देते. त्याच संस्थेची 'वनराजा' आणि बंगळूरच्या कृषी विद्यापीठाची 'गिरिराजा' वजनाला भरतात. म्हणून पुष्कळ घरांत सगळ्याच कोंबड्या सुधारित आणल्या जातात. येथेच गफलत होते. या जाती सहसा खुडूक बसत नाहीत. त्यांच्याच अंड्यांतून पुढची पिढी काढली तर ती एकसारखी निघत नाही. कोणी अंड्याला कमी, कोणी वजनाला कमी. मग दरवर्षी पिल्ले विकत आणावी लागतात आणि नफा पिल्ले विकणाऱ्याकडे जातो.

आमचे म्हणणे असे की माद्या गावरान ठेवाव्यात आणि कोंबडा तेवढा सुधारित आणावा. आठ-दहा माद्यांमागे एक कोंबडा पुरे. उघड्या मानेचा कोंबडा मिळाला तर मराठवाड्याच्या उन्हाळ्याला तो अधिक मानवतो. पिसे कमी असल्याने अंगातील उष्णता लवकर बाहेर पडते आणि हा गुण पिल्लांतही उतरतो. दीड-दोन वर्षांनी कोंबडा बदलावा, नाहीतर बाप-लेकींचा संकर होऊन कळप खंगतो. जुना कोंबडा काढल्यावर तीन आठवडे अंडी उबवणीस ठेवू नयेत, कारण तोवर त्याचेच बीज अंड्यांत येत राहते.

एकवीस दिवस

उबवणीसाठी मध्यम आकाराची, स्वच्छ, न तडकलेली अंडी निवडावीत. ती धुवू नयेत. थंड जागी आठवडाभर टिकतात. उन्हाळ्यात तीन-चार दिवसांपेक्षा जुनी घेऊ नयेत. टोपलीत राख व भुसा घालून एका कोंबडीखाली दहा-बारा अंडी ठेवावीत. सातव्या दिवशी अंधारात बॅटरीच्या उजेडावर अंडे धरून पाहावे. लाल शिरांचे जाळे दिसले तर जीव आहे. अंडे स्वच्छ दिसले तर काढून टाकावे. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार जातो, तेव्हा उबवणी टाळलेलीच बरी.

यंत्र वापरणाऱ्यांनी साडेसदतीस अंश सेल्सिअस उष्णता राखावी, अठराव्या दिवसापर्यंत अंडी दिवसातून अनेक वेळा फिरवावीत आणि त्यानंतर हात लावू नये. वीज वारंवार जात असेल तर खुडूक कोंबडीइतके भरवशाचे यंत्र नाही.

खरा तोटा कोठे होतो?

समजा, बारा अंड्यांतून नऊ पिल्ले निघाली. मांजर, घार, थंडी आणि रोग यांतून चारच वाचली तर धंदा बुडीत; सात वाचली तर फायद्यात. पहिले तीन-चार आठवडे पिल्ले डालग्याखाली, उबेत, कोरड्या जागी ठेवावीत.

सर्वांत मोठा शत्रू राणीखेत. हा रोग आला की दोन-चार दिवसांत परस रिकामे होते. पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा लसीचा थेंब डोळ्यात किंवा नाकात आणि सहा-आठ आठवड्यांनी दुसरी लस, एवढ्यानेच पुष्कळ बचाव होतो. लसीची एक बाटली शेकडो पक्ष्यांना पुरते, म्हणून एकट्याला ती परवडत नाही. मोहल्ल्यातील आठ-दहा घरांनी एकच दिवस ठरवून ती आणावी आणि दवाखान्यापासून घरापर्यंत बर्फातच ठेवावी. सुधारित पिल्ले व सल्ला यांसाठी पशुसंवर्धन विभागाचा दवाखाना, खरपुडी येथील कृषी विज्ञान केंद्र आणि छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) येथील मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र येथे चौकशी करावी.

व्यापाऱ्यांसाठी एक शब्द

बाजारात गावरानाला चढा भाव मिळतो, म्हणून मिश्र पक्षी व अंडी गावरान म्हणून खपविली जातात. अंड्याचे तपकिरी कवच ही गावरानाची खूण नव्हे. तो जातीचा गुण आहे. मिश्र माल मिश्र म्हणून, परसात वाढलेला म्हणून विकला तरी त्याला गिऱ्हाईक आहे. एकदा फसलेले गिऱ्हाईक मात्र खऱ्या गावरानाचाही भाव पाडते आणि त्याचा फटका शेवटी टोपलीत अंडी घेऊन येणाऱ्या बाईलाच बसतो.

कोंबडा बाहेरून आणता येतो. चांगली बसणारी, पिल्ले राखणारी गावरान मादी मात्र विकत मिळणे दिवसेंदिवस कठीण होत आहे. पैशाची निकड आली तरी तिला शेवटी विकावे.