सर्पगंधेची मात्रा

मुंबईतील हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांचा सर्पगंधेवरील निबंध १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाला आणि भारतीय वैद्यांच्या वापरातली ही मुळी जगाच्या औषधशास्त्रात दाखल झाली. ज्या उच्च रक्तदाबामागे मूत्रपिंडाचा विकार किंवा दुसरे उघड कारण सापडत नाही, अशा ५० रुग्णांना मुळीच्या गोळ्या देऊन रक्तदाबातील फरकाची नोंद ठेवणे, एवढेच त्या निबंधाचे स्वरूप होते. परंतु रक्तदाबावर भरवशाचे औषध जवळजवळ नव्हतेच अशा त्या काळात ही नोंदही मोलाची ठरली. वकील यांना १९५७ मध्ये अमेरिकेतील लास्कर पुरस्कार आणि १९५८ मध्ये पद्मभूषण मिळाले. मुळीचा गुण आणि मुळीचा धोका एकाच क्रियेतून निघतात, ही गोष्ट मात्र त्या गौरवाच्या काळात मागेच राहिली.

सर्पगंधा हे करवीर कुलातील, म्हणजे कण्हेर आणि सदाफुलीच्या नात्यातील, साधारण गुडघ्याएवढे किंवा थोडे अधिक उंच वाढणारे झुडूप होय. हिमालयाच्या पायथ्यापासून ईशान्य भारतापर्यंत आणि सह्याद्रीच्या दमट, सावलीच्या जंगलांत ते आढळते. पेरापाशी बहुधा तीन-तीन पानांची मंडले, लालसर देठांवर पांढरी-गुलाबी फुले आणि पिकल्यावर काळसर होणारी फळे ही त्याची ओळख. प्राचीन संहितांत विषघ्न द्रव्यांमध्ये हे नाव येते, पण तेथील वनस्पती हीच की दुसरी, यावर अभ्यासकांत एकमत नाही. बिहारमध्ये ही मुळी ‘पागल की दवा’ म्हणून विकली जात असे, ही लोकपरंपरा मात्र निःसंदिग्ध आहे.

मुळीतील द्रव्यांचा शोध भारतातच सुरू झाला. दिल्लीच्या तिब्बिया महाविद्यालयात काम करताना सलीमुझ्झमान सिद्दीकी यांनी १९३१ मध्ये तिच्यातून अल्कलॉइडे, म्हणजे वनस्पतींत तयार होणारी आणि अल्प प्रमाणातही शरीरावर तीव्र परिणाम करणारी नत्रयुक्त द्रव्ये, वेगळी केली आणि त्यांपैकी एकाला हकीम अजमल खान यांच्या स्मरणार्थ अजमलीन असे नाव दिले. त्याच वर्षी कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी वेड आणि रक्तदाब या दोहोंवर या मुळीचा उपयोग होतो असे लिहिले. पुढे १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधील सिबा कंपनीच्या प्रयोगशाळेत रेझरपीन हे मुख्य द्रव्य हाती लागले. दोनच वर्षांनी न्यूयॉर्कचे मनोविकारतज्ज्ञ नेथन क्लाइन यांनी मनोरुग्णांवरील त्याचा परिणाम प्रसिद्ध केला.

हे द्रव्य काम कसे करते, हे कळल्याशिवाय त्याचे धोके समजत नाहीत. मज्जातंतूंच्या टोकाशी सूक्ष्म पिशव्या असतात आणि त्यांत संदेशवाहक रसायने साठवलेली असतात. रेझरपीन या पिशव्यांत रसायन भरणारी यंत्रणाच बंद पाडते, त्यामुळे बाहेर राहिलेल्या रसायनाचा नाश होतो आणि साठा रिकामा होत जातो. रक्तवाहिन्या आकसवणारे नॉरअ‍ॅड्रेनलीन कमी पडले की रक्तदाब उतरतो आणि नाडी मंदावते. तथापि मेंदूतील सेरोटोनिन आणि डोपामीन यांचे साठेही याच रीतीने ओसरतात. स्वीडिश शास्त्रज्ञ अर्विड कार्लसन यांनी १९५० च्या दशकात रेझरपीनने निश्चल झालेले ससे एल-डोपा, म्हणजे शरीर ज्यापासून डोपामीन बनवते ते द्रव्य, देताच पुन्हा हालचाल करू लागतात असे दाखवले. कंपवाताच्या आजच्या उपचाराचा पाया या निरीक्षणात आहे आणि २००० सालच्या नोबेल पारितोषिकाशीही त्याचा संबंध आहे. रिकाम्या झालेल्या पिशव्यांच्या जागी कार्यक्षम पिशव्या येण्यास वेळ लागत असल्याने औषध थांबवल्यावरही परिणाम काही दिवस, प्रसंगी काही आठवडे, रेंगाळतो.

गुणाची साक्ष भक्कम आहे. अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांत एडवर्ड फ्राइस यांनी केलेल्या आणि १९६७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तीव्र रक्तदाबाच्या १४३ पुरुषांपैकी निम्म्यांना रेझरपीनसह तीन औषधे आणि उरलेल्यांना औषधविरहित गोळी देण्यात आली. दुसऱ्या गटात २७ जणांवर गंभीर प्रसंग ओढवले, तर पहिल्या गटात फक्त २ जणांवर. हे यश तिन्ही औषधांचे मिळून होते, हे मात्र विसरता येत नाही.

दोषांच्या बाबतीत चित्र इतके सरळ नाही. १९५० च्या दशकात दिवसाला अर्ध्या मिलिग्रॅमहून अधिक रेझरपीन घेणाऱ्या काही रुग्णांत तीव्र नैराश्य दिसले आणि औषधाचे नाव खराब झाले. उलट १९५५ मध्ये लंडनच्या डेव्हिस आणि शेफर्ड यांच्या चाचणीत चिंताग्रस्त, खिन्न रुग्णांना त्याचा उपयोगच झाल्याचे आढळले. १९७४ मध्ये ‘लॅन्सेट’च्या एकाच अंकातील तीन निबंधांनी स्तनाच्या कर्करोगाशी त्याचा संबंध जोडला, पण तुलनेसाठी निवडलेल्या गटातून हृदयविकाराचे रुग्ण वगळल्याने निष्कर्ष झुकला होता, असे पुढे दाखवण्यात आले. म्हणजे रेझरपीनवर झालेले काही आरोप अतिरंजित होते. परंतु शुद्ध, मोजून दिलेल्या औषधाची ही निर्दोषता बाजारातील चूर्णाला आपोआप लागू करणे हा शुद्ध तर्कदोष आहे, आणि वनौषधींच्या जाहिराती नेमके तेच करतात.

चूर्णाची अडचण गणितानेच स्पष्ट होते. आधुनिक उपचारात रेझरपीनची रोजची मात्रा साधारणतः ०.०५ ते ०.२५ मिलिग्रॅम एवढीच असते. मुळीत रेझरपीन ०.१ टक्का धरले, तर एक ग्रॅम चूर्णातून एक मिलिग्रॅम रेझरपीन पोटात जाते. म्हणजे त्या वरच्या मर्यादेच्या चौपट. हे प्रमाणही स्थिर नसते. झुडपाचे वय, जमीन, खोदण्याचा हंगाम यांनुसार ते बदलते, आणि अल्कलॉइडांचा मोठा भाग मुळीच्या सालीत असल्याने साल झडलेली मुळी आणि सालीसकट दळलेली मुळी यांची ताकद वेगळी पडते. शिवाय मूळ खणले की झाड संपते. जंगलातील साठा त्यामुळे झपाट्याने घटला, १९९० मध्ये वनस्पतीचा समावेश ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय व्यापार-नियंत्रण कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात झाला, आणि टंचाईबरोबर भेसळ वाढली. तिच्याच प्रजातीतील, मूळ अमेरिकेकडील आणि आता भारतात रानटी वाढणाऱ्या झुडपाची मुळे सर्रास मिसळली जातात. चमचा मोजून घेणाऱ्या माणसाने आपण मात्रा पाळली असे समजावे, पण त्या चमच्यात काय आहे हे प्रयोगशाळेखेरीज कोणी सांगू शकत नाही.

नाक चोंदणे, सुस्ती, जुलाब आणि वाईट स्वप्ने ही साधी लक्षणे होत. पूर्वी नैराश्य येऊन गेलेल्यांनी, जठरव्रण किंवा आतड्याचा व्रणशोथ असलेल्यांनी, कंपवाताच्या रुग्णांनी आणि विद्युत्-आघात उपचार चालू असलेल्यांनी ही मुळी टाळलीच पाहिजे. गर्भिणी आणि स्तनदा मातांनाही ती वर्ज्य आहे, कारण रेझरपीन वारेतून गर्भात आणि दुधातून बाळात जाते आणि नवजात बाळाचे नाक चोंदते, ते सुस्त पडते. डिगॉक्सिनबरोबर घेतल्यास नाडी फार मंदावते, नैराश्यावरील काही औषधांशी तिचे पटत नाही, आणि दारूने गुंगी वाढते.

रक्तदाबाच्या गोळ्या आधीच चालू असलेल्या रुग्णांत धोका आणखी वाढतो, कारण दोन्हींचा परिणाम एकत्र येऊन दाब अचानक कोसळू शकतो. चूर्ण घेणारे पुष्कळ रुग्ण ही गोष्ट डॉक्टरांना सांगत नाहीत, आणि डॉक्टरही ती सहसा विचारत नाहीत. सर्पगंधा वापरायचीच असेल, तर ती नोंदणीकृत वैद्याच्या देखरेखीखाली, द्रव्याचे तपासलेले प्रमाण वेष्टनावर छापलेल्या गोळीच्या रूपात आणि नियमित रक्तदाब मोजूनच वापरावी. शस्त्रक्रियेपूर्वी भूलतज्ज्ञाला, आणि कोणत्याही नव्या औषधापूर्वी डॉक्टरांना, ती घेत असल्याचे वाचकांनी न विचारताच सांगावे.