आइल ऑफ मे : कड्यावरची वसाहत आणि खालचा समुद्र

स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर, फर्थ ऑफ फोर्थच्या मुखाशी आइल ऑफ मे हे बेट आहे. लांबी दोन किलोमीटरहून थोडी कमी, रुंदी अर्धा किलोमीटरही नाही. एप्रिल ते सप्टेंबर या काळात फाइफमधल्या अँस्ट्रदर बंदरातून बोटी जातात. पक्षी पाहायचे तर मे-जून हे महिने उत्तम. पाऊण तासाच्या या प्रवासातच पांढरेशुभ्र गॅनेट उंचावरून पाण्यात सूर मारताना दिसू लागतात. ते इथले नव्हेत. त्यांची वसाहत दक्षिणेला बास रॉकवर आहे. 2014 मध्ये तिथे घरट्यांच्या 75,000 हून अधिक जागा मोजल्या गेल्या होत्या. 2022 च्या बर्ड फ्लूनंतर, 2023 मध्ये, त्या 52,000 च्याही खाली आल्या.

बेटावर पाऊल ठेवताच आर्क्टिक सुरय डोक्यावर झेपावतात. हिवाळ्यात अंटार्क्टिकाच्या समुद्रापर्यंत जाणारे हे चिमुकले पक्षी पिल्लांसाठी माणसाच्या टाळूवर चोच मारायला मागेपुढे पाहत नाहीत. आयडर बदकाची मादी मात्र पायवाटेच्या कडेलाच, जागची न हलता, जवळजवळ उपाशी राहून सुमारे सव्वीस दिवस अंडी उबवते.

माथ्यावरची मऊ माती पफिनच्या बिळांनी पोखरलेली आहे, म्हणूनच पायवाट सोडायला मनाई आहे. पफिनची मादी बिळात एकच अंडे घालते. पिल्लू बाहेर आले की आईबाप चोचीत आडवे मासे धरून समुद्रावरून परततात. जीभ आणि टाळूवरचे मागे वळलेले काटे आधीचे मासे घट्ट धरून ठेवतात, त्यामुळे चोच उघडून आणखी पकडता येतात. हे मासे बहुधा सँडईल असतात : वाळूत दडून राहणारे, सडपातळ, तेलकट. या बेटाचे जगणे समजून घ्यायचे तर लक्ष या मासळीकडेच द्यावे लागते.

नैऋत्येच्या कड्यांवर गिलमॉट खांद्याला खांदा लावून उभे असतात. ते घरटे बांधत नाहीत. अंडे उघड्या कातळावर असते. तीन आठवड्यांचे पिल्लू, उडता येत नसतानाच, कड्यावरून समुद्रात उडी घेते आणि पुढे बाप त्याला सांभाळतो. जवळच्या कपारींत रेझरबिल, तर उभ्या भिंतीवर चिखल-गवताची घरटी करणारे किटिवेक. गिलमॉट खोल बुडी मारू शकतो. किटिवेकला पृष्ठभागावर येईल तेवढेच मिळते. म्हणून मासळी घटली की झळ आधी किटिवेकला बसते. 1990 च्या दशकात जवळच्या समुद्रात सँडईलची औद्योगिक मासेमारी झाली तेव्हा हेच दिसले. 2000 मध्ये या भागात ती बंद झाली, 2024 मध्ये स्कॉटलंडच्या सगळ्या समुद्रात. मात्र समुद्र तापत असल्याने सँडईल ज्या सूक्ष्म प्लवकांवर जगतो तीही बदलत आहेत, आणि त्यावर बंदीचा उपाय नाही.

हे सांगता येते ते चिकाटीच्या नोंदींमुळे. एव्हलिन बॅक्स्टर आणि लिओनोरा रिंटौल या दोघींनी 1907 पासून इथे स्थलांतराचा अभ्यास केला. 1934 मध्ये पक्षी-वेधशाळा उभी राहिली, 1956 मध्ये बेट राष्ट्रीय निसर्ग राखीव क्षेत्र झाले आणि 1970 च्या दशकापासून समुद्रपक्ष्यांचे सलग संशोधन चालू आहे. विसाव्या शतकाच्या मध्याला इथे पफिनच्या मोजक्याच जोड्या होत्या. 2003 मध्ये सुमारे 69,000 भरल्या, 2008 मध्ये सुमारे 41,000. एकाच मोजणीवरून वसाहत भरभराटीला आली की ओसरू लागली, हे कधीच कळले नसते.

ऑगस्टमध्ये कडे रिकामे होतात. ऑक्टोबरपासून राखाडी सील पिल्लांसाठी बेटावर येतात. मादी सुमारे अठरा दिवस पिल्लाला अत्यंत स्निग्ध दूध पाजते आणि त्या काळात स्वतः काही खात नाही. समुद्रात परतल्यावर तिच्या आहारात सँडईलचा मोठा वाटा असतो.