गाय गाभडली आणि ताप घरात आला

दिवसा बरं वाटतं, संध्याकाळी कणकण येते, रात्री घामानं अंथरूण भिजतं. कंबर आणि सांधे ठणकतात. टायफॉइड समजून औषधं दिली जातात, आठवडाभर बरं वाटतं आणि ताप पुन्हा डोकं वर काढतो. गाई-म्हशी किंवा शेळ्या पाळणाऱ्या घरात असा ताप लांबला, तर गोठ्याचीही चौकशी करायला हवी. गेल्या काही महिन्यांत एखादं जनावर गाभडलं आहे का, हा त्यातला पहिला प्रश्न.

या आजाराचं नाव ब्रुसेलोसिस. पशुवैद्यक त्याला सांसर्गिक गर्भपात म्हणतात. १८८७ साली माल्टा बेटावर डेव्हिड ब्रूस या लष्करी डॉक्टरला तापाने दगावलेल्या सैनिकांच्या प्लीहेत हा जंतू सापडला. पण तो येतो कुठून, हे कळायला १९०५ साल उजाडलं. थेमिस्टोक्लिस झामित यांना तो बेटावरच्या शेळ्यांमध्ये आढळला. शेळ्या दिसायला ठणठणीत होत्या. सैनिकांना शेळीचं कच्चं दूध देणं थांबवल्यावर ताप झपाट्याने ओसरला.

ठणठणीत दिसणारं जनावर, हीच आजही खरी अडचण आहे. बाधित गाय बहुधा एकदाच, तेही गाभणकाळाच्या शेवटच्या तीन-चार महिन्यांत गाभडते. पुढच्या वेळी ती सुरळीत विते आणि मालकाला वाटतं, दोष गेला. प्रत्यक्षात दुधातून आणि वितानाच्या स्रावातून जंतू बाहेर पडतच राहतात. जनावरावर याचा खात्रीचा उपचार नाही. राज्यात गाय कत्तलीला पाठवता येत नाही आणि बाधित जनावर आयुष्यभर सांभाळणं छोट्या शेतकऱ्याला परवडत नाही. मग ते गुपचूप बाजारात जातं आणि दुसऱ्याच्या दावणीला बांधलं जातं. शेतकऱ्याला दोष देणं सोपं आहे, पण गाय गाभडल्याचं उघड झालं की तिची किंमत पडते, हेही लक्षात घ्यायला हवं.

सर्वाधिक जंतू असतात ते गाभडलेल्या वासरात, वारेत आणि स्रावात. वार अडकली की घरचंच कुणीतरी उघड्या हाताने ती ओढून काढतं. हातावर चारा कापतानाची एखादी चीर असली तरी जंतूला तेवढी वाट पुरते. पडलेली वार उकिरड्यावर टाकली जाते, काही भागांत चीक येणाऱ्या झाडाला टांगली जाते आणि उरलेली कुत्री ओढून नेतात. खरं तर वार आणि मेलेलं वासरू हातमोजे घालून उचलावं, खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावं आणि जागा जंतुनाशकाने धुवावी. वार काढायला पशुवैद्यकालाच बोलवावं. त्यासाठी १९६२ हा टोल-फ्री क्रमांक आहे.

पशुपालकांच्या मेळाव्यांत मुरघास, खुराक आणि दुधाच्या फॅटवर भरपूर बोललं जातं. ते हवंच. पण खुर्च्यांवर बहुतेक पुरुष बसलेले असतात आणि गोठा झाडणारी, धार काढणारी बाई घरी असते. हातमोज्यांची गोष्ट तिच्यापर्यंत पोचायला हवी. गावोगावच्या पशुसखी हे काम व्याख्यात्यांपेक्षा चांगलं करू शकतील.

जनावरांसाठी लस आहे. २०१९ पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमात चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना आणि पारड्यांना ती आयुष्यात एकदाच टोचली जाते. नर वासरांना आणि गाभण जनावरांना ती देत नाहीत. वय उलटलं की संधी गेली, म्हणून कालवड जन्मली की तारीख लिहून ठेवावी. लसीत जिवंत जंतू असतात. टोचताना चुकून सुई माणसाला लागली, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावं. शेळ्या मात्र या कार्यक्रमात नाहीत आणि शेळ्यांतला जंतू माणसाला अधिक त्रास देतो. लहान मुलांना शेळीचं कच्चं दूध पाजण्याची आणि धारोष्ण दुधाची हौस यापायी महागात पडते. दूध उकळलं की हा जंतू मरतो.

माणसात हा आजार बरा होतो, मात्र दोन औषधं एकत्र आणि किमान सहा आठवडे घ्यावी लागतात. ताप आठवडाभरात उतरला म्हणून गोळ्या सोडल्या की तो उलटतो. काहींच्या मणक्याला इजा होते, पुरुषांत वृषणाला सूज येते. म्हणून दवाखान्यात गेल्यावर ‘घरी जनावरं आहेत’ हे रुग्णाने आपणहून सांगावं आणि डॉक्टरांनीही विचारावं. रक्त कल्चरला पाठवताना प्रयोगशाळेलाही तशी कल्पना द्यावी लागते. हा जंतू सावकाश वाढतो, घाईने अहवाल दिला तर सापडत नाही आणि तपासणाऱ्या तंत्रज्ञालाही त्याची लागण होऊ शकते.