गुऱ्हाळावरचे इंजिन हेलकावे का खाते?

चरकात चार-पाच ऊस एकदम सरकवले की डिझेल इंजिनाचा आवाज क्षणभर दबतो आणि मग ते नेटाने ओढू लागते. ऊस संपला की आवाज क्षणभर मोकळा होतो, आणि पुन्हा पहिल्या लयीवर येतो. इंजिनापाशी तर कुणीच उभे नसते. भार वाढला, आता डिझेल जास्त द्यायला हवे, हे मग कोण ओळखते?

हे काम करतो गव्हर्नर. तो ठीक असेल तर त्याच्याकडे कुणाचे लक्षही जात नाही. झिजला की मात्र साऱ्या गावाला ऐकू येते. भार तोच असतानाही इंजिन धावते, दमते, पुन्हा धावते. मिस्त्री मंडळी याला ‘हंटिंग’ म्हणतात. असे इंजिन जनित्राला जोडले तर दिवे श्वास घेतल्यासारखे कमी-जास्त होतात, आणि पिठाच्या गिरणीला जोडले तर पीठ कधी जाड, कधी बारीक पडते.

बऱ्याच ठिकाणी आता विजेच्या मोटारी आल्या असल्या, तरी जुनी संथ इंजिने अजून अनेक शेतांवर टिकून आहेत. इंग्लंडातील डर्सली गावच्या लिस्टर कंपनीने १९३०च्या सुमारास बनवलेल्या नमुन्यावरून राजकोटच्या कारखान्यांनी हजारो इंजिने ओतली. एक सिलिंडर, दोन जड चाके, मिनिटाला ६५० फेरे, असा त्यांचा थाट. त्यांच्यातला गव्हर्नर डोळ्यांनी पाहता येतो आणि हाताने हलवून समजूनही घेता येतो. शिक्षकांच्या दृष्टीने हा मोठाच फायदा. आजच्या गाड्यांतले संगणकीय नियंत्रण असे उघडून दाखवता येत नाही.

रचना साधी आहे. फिरणाऱ्या दातेरी चाकावर दोन वजने बिजागरीसारखी बसवलेली असतात. वेग वाढला की ती बाहेर फाकतात आणि आपल्या टाचांनी एक बाही सरकवतात. बाही लिव्हरला ढकलते, लिव्हर एका दांडीमार्फत डिझेल पंपाची रॅक मागे घेते आणि डिझेल कमी होते. उलट दिशेने एक स्प्रिंग लिव्हरला सतत ‘डिझेल वाढव’ असे ओढत असते. वजने आणि स्प्रिंग यांची ही रस्सीखेच जिथे बरोबरीत सुटते, तो इंजिनाचा वेग.

जेम्स वॉटने १७८८ साली वाफेच्या इंजिनाला गव्हर्नर लावला तेव्हा त्यात स्प्रिंग नव्हती. कल्पनाही मुळात त्याची नव्हती. पवनचक्कीवरच्या पिठाच्या गिरणीत जात्याच्या दोन तळ्यांमधले अंतर राखायला फिरत्या गोळ्यांची युक्ती आधीपासून वापरात होती. म्हणजे गव्हर्नरचा जन्मच गिरणीतला! वॉटचे दोन गोळे दांड्यांना लटकलेले असत आणि त्यांना आत ओढण्याचे काम गुरुत्वाकर्षण करी. मग आपल्या इंजिनाला स्प्रिंग कशाला लागते?

याचे उत्तर वर्गात काढता येईल. अर्धा मीटर दोऱ्याला खोडरबर बांधा आणि दोऱ्याचे वरचे टोक हातात धरून रबर आडव्या वर्तुळात फिरवा. हात ते वर्तुळाची पातळी हे उभे अंतर मुलांना पट्टीने मोजू द्या. सूत्र असे येते की हे अंतर म्हणजे g भागिले कोनीय वेगाचा वर्ग. त्यात रबराचे वजन नाही, दोऱ्याची लांबीही नाही. सेकंदाला एक फेरा, म्हणजे मिनिटाला ६० फेरे असतील, तर अंतर सुमारे २५ सेंटिमीटर. मिनिटाला १२० फेऱ्यांना सुमारे ६ सेंटिमीटर. आता ६५० फेऱ्यांचा हिशोब करा. येतात २.१ मिलिमीटर! आणि वेग ६८० झाला तर १.९. इंजिन तीस फेऱ्यांनी जास्त पळू लागले, ही बातमी ज्या हालचालीतून कळायची ती हालचालच जेमतेम ०.२ मिलिमीटरची. कुठल्याही जुन्या पिनेत एवढी ढिलाई सहज असते. म्हणून वेगवान इंजिनात गुरुत्वाकर्षणावर विसंबून चालत नाही, तिथे स्प्रिंग येते.

आता स्प्रिंगवाल्या गव्हर्नरचा हिशोब. समजा एक वजन २०० ग्रॅमचे आहे आणि ५ सेंटिमीटर त्रिज्येवर फिरते. ६५० फेऱ्यांना त्याचे अपकेंद्री बल येते सुमारे ४६ न्यूटन, आणि ६८० फेऱ्यांना सुमारे ५१ न्यूटन. फरक पाच न्यूटनच्या आतला, म्हणजे अर्ध्या किलोच्या वजनाहूनही कमी. लिव्हर, दांडी आणि रॅक एवढ्या बळावर हलवायचे आहेत. सांध्यांमध्ये गंज किंवा वाळलेले तेल बसून दोन न्यूटनचा अडथळा झाला, तर वेग चौदा-पंधरा फेऱ्यांनी बदलेपर्यंत गव्हर्नर जागचा हलणारच नाही.

एवढ्यावरून झिजेचे दोन प्रकार वेगळे करता येतात, आणि दुरुस्तीची सारी मेख इथेच आहे. वजनांपासून स्प्रिंगपर्यंतचे सांधे दोन्ही बाजूंनी ताणलेले असतात. तिथे पीन थोडी सैल झाली तरी ढिलाई जाणवत नाही, कारण स्प्रिंग ती एकाच बाजूला दाबून धरते. तिथला त्रास चिकटण्याचा असतो. वजनांच्या टाचा वर्षानुवर्षे एकाच जागी घासून त्यांत खाच पडते, आणि खाचेत टाच अडते. स्प्रिंगपलीकडे लिव्हरपासून रॅकपर्यंत जाणाऱ्या दांडीला मात्र ताणून धरणारे कुणी नाही. तिथे भोक अंडाकृती झाले की लिव्हर हलते आणि रॅक मात्र स्वस्थ बसते. समजा रॅकची एकूण चाल ८ मिलिमीटर आहे आणि सांध्यांत २ मिलिमीटर खेळ आहे. म्हणजे पाव चालीपुरते इंजिन निर्नायकी!

त्यात भर पडते उशिराची. चार स्ट्रोकच्या एका सिलिंडरला दोन फेऱ्यांतून एकदाच डिझेल मिळते. ६५० फेऱ्यांना हे दर ०.१८ सेकंदाने होते. गव्हर्नरने निर्णय घेतला तरी त्याला पुढच्या घासाची वाट पाहावी लागते, आणि जड चाकांचा वेग काही लगेच बदलत नाही. म्हणून वेग वाढतो, खेळ भरून निघेपर्यंत वाढतच राहतो, मग रॅक गरजेपेक्षा जास्त मागे जाते. वेग पडतो, पुन्हा खेळ भरून निघेपर्यंत पडतच राहतो. हाच तो हेलकावा.

एक गंमत अशी की बिनझिजलेला गव्हर्नरही हेलकावे खाऊ शकतो. एकोणिसाव्या शतकात यंत्रे अधिक सफाईने घडू लागली, तसा हा रोग उलट वाढला. जेम्स क्लार्क मॅक्सवेलने १८६८ साली गव्हर्नरवर निबंध लिहून हेलकावे विरतील की वाढत जातील हे गणिताने कसे ठरवायचे ते दाखवले, आणि १८७६ साली रशियातील व्हिश्नेग्रादस्कीने अवमंदन का हवे ते मांडले. इथे मुले गोंधळतात. घर्षण चांगले की वाईट? तेलात चमचा फिरवताना होणारा विरोध वेगाबरोबर वाढतो आणि स्थिर असताना शून्य होतो. तो हेलकावे जिरवतो. गंजलेल्या पिनेचा विरोध सुरुवातीलाच अडवतो आणि एकदा सुटला की धक्क्याने सोडतो. तो हेलकावे वाढवतो. दोघांना एकच ‘घर्षण’ हा शब्द वापरल्याने घोटाळा होतो.

आता दुरुस्ती. आम्ही पाहिलेल्या बहुतेक इंजिनांवर पहिला उपाय झालेला असतो तो स्प्रिंग आवळण्याचा. त्याने वेग वाढतो, खेळ तसाच राहतो. दुसरा उपाय स्प्रिंगची वेटोळी कापण्याचा. हा कधी लागू पडल्यासारखा वाटतो, आणि त्याचे कारण शोधणे हा चांगला प्रश्न आहे. वीस वेटोळ्यांची स्प्रिंग पंधरावर आणली की ती एकतृतीयांशाने ताठ होते. ताठ स्प्रिंगमुळे वजनांना तेवढेच फाकायला वेगात जास्त फरक लागतो, म्हणून हेलकावे दबतात. पण किंमत अशी की भर चरकाला इंजिन फार मंदावते आणि रिकामे असताना फार पळते. दुखणे गेले नाही, फक्त कण्हणे थांबले.

इंजिन बंद करून, डिझेलचा कॉक मिटून, लिव्हर बोटाने हळूहळू हलवावी आणि रॅककडे पाहावे. लिव्हर किती सरकल्यावर रॅक हलू लागते? तेवढा खेळ. मग दांडी सोडवून पिना पाहाव्यात. पिनेला एका बाजूने पायरी पडलेली दिसेल. भोक रिमरने पुन्हा गोल करून जाड पीन घालावी, किंवा भोक मोठे करून लेथवर बनवलेले गनमेटलचे बुश ठोकून बसवावे. तेल लावलेली पीन स्वतःच्या वजनाने बुशमध्ये उतरली पाहिजे, पण डगमगता कामा नये. वेल्डिंगने भोक भरून नवे पाडणारेही आहेत. चालते, पण मूळ मध्य हलला तर दांडीची लांबी बदलल्यासारखे होते. वजनांच्या टाचा खाचल्या असतील तर दोन्ही वजने जोडीने बदलावीत. एकच बदलले तर दोघांचा तोल जमत नाही.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट दांडीच्या लांबीची. इंजिन थांबलेले असताना स्प्रिंग रॅकला पूर्ण डिझेलवर नेते. वजने हाताने पूर्ण फाकवली की रॅक शून्य डिझेलपर्यंत पोचलीच पाहिजे. हे हाताने तपासल्याशिवाय इंजिन चालू करू नये. डिझेल इंजिनात हवेला झडप नसते, वेग ठरतो तो केवळ डिझेलवर. दांडी निसटली किंवा रॅक पुढे अडकली तर इंजिन बेफाम सुटते. ६० सेंटिमीटर व्यासाच्या चाकाची कड ६५० फेऱ्यांना ताशी सुमारे ७५ किलोमीटरने फिरत असते. वेग दुप्पट झाला की ओतीव लोखंडातला ताण चौपट होतो, आणि असे चाक फुटले तर तुकडे भिंतीतून पार जातात. म्हणून सायकलच्या आऱ्याची दांडी करून काम भागवणे आम्हाला मुळीच पसंत नाही. पहिल्यांदा चालू करताना एकाने डिझेल तोडायच्या तयारीत राहावे, चाकाच्या रेषेत कुणीही उभे राहू नये, आणि हवेच्या तोंडावर दाबायला एक सपाट फळी जवळ असावी. हात कधीही नाही. मुलांना हे सारे बंद इंजिनावरच दाखवावे.

अमेरिकेतल्या बागेतल्या छोट्या ट्रॅक्टरांवर, पेट्रोल इंजिनांत, हीच कथा थोड्या फरकाने घडते. तिथे वजने तेलाच्या पेटीत असतात आणि एक आडवा दांडा भिंतीतून बाहेर येऊन कार्ब्युरेटरची झडप हलवतो. त्या दांड्याचे बुश झिजले की तो डुगडुगतो आणि शेजारून तेल पाझरते. काही कंपन्यांनी बाहेरच्या दांडीलगत केसासारखी बारीक स्प्रिंग लावून खेळ एका बाजूला दाबून ठेवण्याची सोय केली. अशी इंजिने विकत घेताना ती स्प्रिंग बहुधा हरवलेली असते! मात्र पेट्रोल इंजिनाचे हेलकावे पुष्कळदा गव्हर्नरचे नसतातच; कार्ब्युरेटरची बारीक वाट तुंबून मिश्रणात पेट्रोल कमी पडत असते. तिथे आधी तीच वाट साफ करावी.

दुरुस्ती साधली की नाही हे कानाने कळते, पण मोजता आले तर बरे. ६५० फेऱ्यांना धुराड्यातून मिनिटाला ३२५ फटके येतात. ते तोंडाने मोजणे कठीण. मोबाइलवर आवाज ध्वनिमुद्रित करून निम्म्या गतीने ऐकावा आणि प्रत्येक फटक्याला कागदावर पेन्सिलीने ठिपका द्यावा. अर्ध्या मिनिटाच्या आवाजात भर भाराला १६२-१६३ आणि रिकाम्या चरकाला १७०च्या आसपास ठिपके आले, तर गव्हर्नर ६५० ते ६८० या पट्ट्यात काम करतो आहे. एवढा फरक राहणारच, कारण वेग थोडा पडल्याशिवाय वजने मिटत नाहीत, आणि वजने मिटल्याशिवाय डिझेल वाढत नाही. दोन मुलांनी वेगवेगळे मोजावे आणि ठिपके जुळतात का पाहावे.