न चालवताच घेतलेली इंजिनं

वाकोल्याहून नेहरू रोडने सांताक्रूझ स्टेशन गाठायचं आणि पादचारी पुलावर उभं राहून मेल-एक्सप्रेसची इंजिनं बघायची, ही सवय मला कॉलेजच्या वयात लागली. तेव्हा गुजरातकडे जाणाऱ्या कितीतरी गाड्यांपुढे वलसाड शेडचं डब्ल्यूसीएएम-१ असायचं. मुंबईपासून विरारपर्यंत तारेत १५०० व्होल्ट डीसी, त्यापुढे २५,००० व्होल्ट एसी. विरारला इंजिन बदलण्याचा खोळंबा टळावा म्हणून दोन्ही विजांवर चालणारं हे इंजिन चित्तरंजनला १९७५पासून बांधलं गेलं. एकूण ५३ इंजिनं निघाली. एसीखाली त्याची ताकद ३६४० अश्वशक्ती, डीसीखाली २९३०. डीसीत ट्रान्सफॉर्मरचं धूड नुसतं ओझं म्हणून वाहायचं. मुंबईच्या टोकाला मागेपुढे लोकल लागलेल्या असतात. तिथे चटकन वेग घेऊन वाट मोकळी करून देणं सर्वांत गरजेचं, आणि नेमकं तिथेच हे इंजिन अशक्त. २०१२मध्ये पश्चिम रेल्वेवरची डीसी संपली आणि हा प्रश्न मुळातूनच मिटला.

डब्ल्यूसीएएम-१ला मी वाईट इंजिन म्हणणार नाही. एका अंगावर दोन घरचा कारभार टाकला की कुठेतरी हात आखडतोच. पण त्याच्यामुळे एक प्रश्न डोक्यात घर करून बसला. एवढं महागडं यंत्र घेताना त्यातली उणीव कधी कळते, कुणाला कळते, आणि कळल्यावर खरेदी थांबते का? तेव्हापासून मी जगभरातल्या फसलेल्या इंजिनांच्या मागे आहे.

या विषयावर कुठेही चार माणसं बोलायला लागली की पहिलं नाव निघतं इंग्लंडच्या ‘लीडर’चं. ऑलिव्हर बुलीड या कल्पक माणसाने वाफेच्या इंजिनाला विजेच्या इंजिनासारखं दोन्ही टोकांना केबिन असलेलं रूप द्यायचं ठरवलं. १९४९मध्ये पहिलं लीडर रुळावर आलं. त्यात फायरमनला मधल्या कोंदट कप्प्यात भट्टीच्या धगीत उभं राहावं लागे. झडपांची यंत्रणाही सतत बिघडे. पाच इंजिनांचं काम सुरू झालं होतं, पण धावलं एकच. चाचण्या आटोपल्या आणि सगळी भंगारात गेली. यंत्र म्हणून ते सपशेल फसलं, तरी प्रवाशांच्या गाडीला ते जोडलंच गेलं नाही आणि कुणाच्या जिवावर बेतलं नाही. याउलट ब्रिटिश रेल्वेचं ‘क्लेटन’ डिझेल. ते कागदावर अगदी शहाणं दिसत होतं. केबिन मध्यभागी, दोन्हीकडे बुटकी नाकं, ड्रायव्हरला दोन्ही दिशांना स्वच्छ दिसावं अशी रचना. नमुना म्हणून एकही न बांधता पहिली ऑर्डरच ८८ इंजिनांची गेली, आणि पुढे संख्या ११७ झाली. त्याच्या पॅक्समन इंजिनांनी शेडवाल्यांचा जीव खाल्ला. १९६२ ते ६५ या काळात बांधलेली ही सगळी इंजिनं १९७१ संपेपर्यंत बाद झाली होती.

या दोघांकडे शेजारी शेजारी पाहिलं की माझं मत पक्कं होतं. सदोष आराखडा कुणाच्याही हातून होऊ शकतो. तो चालवून पाहण्याआधी घाऊक खरेदी करणं हा मात्र निर्णय असतो, आणि निर्णयाची जबाबदारी खुर्चीत बसलेल्या माणसांची असते. आपल्याकडे हा निर्णय १९२०च्या दशकात घेतला गेला. त्या इंजिनाचं नाव एक्सबी.

त्याआधी भारतात धावणारी प्रमाणित इंजिनं दणकट होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ठरलेल्या नमुन्यांपैकी पुढे चार छोटी आणि मध्ये सहा मोठी चाकं असलेलं मेल गाडीचं इंजिन तर ड्रायव्हरांच्या भरवशाचं होतं. पण पहिल्या महायुद्धानंतर चांगला कोळसा महागला. हलक्या, राखाळ कोळशावर तेवढीच वाफ हवी असेल तर भट्टीची जाळी रुंद करावी लागते. रुंद जाळी मोठ्या चाकांच्या मध्ये मावत नाही, म्हणून ती त्यांच्या मागे न्यायची आणि तिचा भार पेलायला आणखी दोन छोटी चाकं द्यायची. या चार-सहा-दोन मांडणीला जगभर ‘पॅसिफिक’ म्हणतात. विचार चुकीचा नव्हता. १९२४मध्ये रेल्वे बोर्डाच्या समितीने तीन आकार ठरवले : हलक्या मार्गांसाठी एक्सए, मध्यम मार्गांसाठी १७ टन आसभाराचं एक्सबी आणि भारी मार्गांसाठी एक्ससी. तपशीलवार आराखडे विलायतेत झाले आणि इंजिनंही तिथेच बांधली गेली. एक्सए ११३, एक्सबी ९९, एक्ससी ७२. एकूण २८४.

तक्रारी लवकरच सुरू झाल्या. चौकटींना तडे जात, बॉयलर त्रास देत. पण सर्वांत गंभीर दुखणं होतं वेगात आडवं हेलकावण्याचं. रेल्वेतली माणसं त्याला ‘हंटिंग’ म्हणतात. विरार फास्टच्या दारात उभं राहणाऱ्याला ते पायांतून कळलेलं असतं. सरळ रुळावर गाडी वेगात असताना डबा मध्येच डावी-उजवीकडे लयीत झटके देऊ लागतो. रेल्वेचं चाक किंचित निमुळतं असतं. त्यामुळे चाकांची जोडी आपोआप रुळाच्या मध्याकडे येते, पण येताना थोडी पलीकडे जाते, मग पुन्हा परतते. ही नागमोड आटोक्यात ठेवायला स्प्रिंगा आणि घर्षण लागतं. एक्सबीत दोन्ही अपुरं होतं. पुढच्या चार चाकांची बोगी इंजिनाच्या चौकटीखाली आडवी सरकली की तिला मध्याकडे ढकलणारा जोर कमी पडे. मागच्या दोन चाकांचंही तसंच. नाक सैल आणि शेपूटही सैल, अशा अवस्थेत मधली सहा मोठी चाकं दिशा धरायला जात आणि त्यांच्या कडा रुळावर आदळत. टेंडरशी जोडही ढिली. ती घट्ट असती तर कोळसा-पाण्याने भरलेल्या टेंडरच्या वजनाने इंजिनाचा झोका काहीसा आवरला असता.

यातली मेख अशी की नवं कोरं इंजिन बऱ्यापैकी चालतं. बुश झिजतात, आसाच्या डब्यांत फटी वाढतात, चाकाची कड बदलते, तसतसा झोका वाढत जातो. कारखान्याबाहेर पडल्यावर दोन-चार फेऱ्या मारून सही करणाऱ्याला हे दिसणार नाही. त्यासाठी इंजिन हजारो मैल चालवावं लागतं, वेगवेगळ्या मार्गांवर, भिजलेल्या भरावावर, वर्कशॉपला जायची वेळ जवळ आलेली असताना. आणि इंजिन जेव्हा रुळाला आडवा धक्का देतं तेव्हा रूळ तसूभर सरकतो. पुढचं इंजिन त्याच वाकड्या जागी आणखी जोराने आदळतं. गॅंगमन सकाळी येऊन रूळ सरळ करून जातो. मग इंजिनवाले म्हणतात रूळ वाईट, रूळवाले म्हणतात इंजिन वाईट. दोघांच्या म्हणण्यात तथ्य असतं, आणि म्हणूनच ते भांडण वर्षानुवर्षं फायलींमध्ये चालू शकतं.

१७ जुलै १९३७च्या पहाटे पंजाबहून हावड्याकडे निघालेली एक्सप्रेस पाटण्याच्या पश्चिमेला बिहटाजवळ रुळांवरून उतरली. पुढे एक्सबी होतं. डबे एकमेकांवर चढले आणि शंभराहून अधिक माणसं मेली. त्या काळापर्यंतच्या हिंदुस्थानातल्या सर्वांत भीषण रेल्वे अपघातांपैकी हा एक. अलाहाबाद उच्च न्यायालयाचे सर जॉन थॉम यांनी चौकशी केली आणि तिचा रोख एक्सबीवर आणि त्याच्या वेगावर गेला. मग मात्र फाइल बंद करून भागणार नव्हतं. ब्रिटनचे मुख्य रेल्वे तपासणी अधिकारी लेफ्टनंट कर्नल माउंट यांच्या अध्यक्षतेखाली ‘पॅसिफिक लोकोमोटिव्ह कमिटी’ नेमली गेली. तिच्यात लंडन, मिडलंड अँड स्कॉटिश रेल्वेचे मुख्य यांत्रिक अभियंता विल्यम स्टॅनियर होते आणि फ्रान्सच्या रेल्वेतलेही तज्ज्ञ होते. स्टॅनियर यांच्यासोबत ई. एस. कॉक्स हा तरुण अभियंता आला. १९३८-३९च्या हिवाळ्यात ही मंडळी देशभर इंजिनांवर उभी राहून फिरली, मोजमापं घेत राहिली. १९३९मध्ये अहवाल छापला गेला.

रेल्वेच्या इतिहासात मला सर्वांत प्रिय असलेला कागद कोणता, असं कुणी विचारलं तर मी याच अहवालाचं नाव घेईन. त्यात कुणा एका ड्रायव्हरच्या माथी खापर फोडून मोकळं होणं नाही. स्प्रिंगांचा जोर, फटींची मापं, टेंडरची जोड, रुळाची ताकद, दुरुस्तीची पद्धत यांचा एकमेकांशी काय संबंध आहे हे तो शोधतो. आणि त्याने सुचवलेला उपाय वाचताना मला दरवेळी राग येतो, कारण तो अवाढव्य नाही. बोगीच्या आणि मागच्या चाकांच्या आडव्या स्प्रिंगा कडक करा. इंजिन आणि टेंडरमधल्या जोडात घर्षण आणा. म्हणजे जाड पोलाद आणि थोडी मोजणी. हे बदल केलेली पॅसिफिक इंजिनं नंतर कैक वर्षं शहाण्यासारखी धावली. त्याच्या दहा-बारा वर्षं आधी दोन इंजिनांवर हेच प्रयोग झाले असते तर बिहटाचं नाव आज फक्त वेळापत्रकात असतं.

त्या वेळी असं करण्याची कुणाला रीत ठाऊक नव्हती, असं म्हणायलाही जागा नाही. ती रीत त्याच वर्षांत आपल्या मुंबईत चालू होती. ३ फेब्रुवारी १९२५ला व्हीटी ते कुर्ला विजेची गाडी धावली आणि ग्रेट इंडियन पेनिन्सुला (जीआयपी) रेल्वेने घाटापलीकडे पुण्यापर्यंत वीज न्यायचं काम काढलं. मेल गाड्यांसाठी इंजिन निवडायचं होतं. तेव्हा जीआयपीने तीन वेगवेगळ्या बांधणीची तीन इंजिनं मागवली : ईए, ईबी आणि ईसी. तिन्ही चालवून पाहिली आणि मेट्रोपॉलिटन-व्हिकर्सचं ईए निवडून मगच त्या जातीची आणखी इंजिनं घेतली. १ जून १९३०ला सुरू झालेल्या दख्खनच्या राणीपुढे पुढची कैक वर्षं हीच इंजिनं दिमाखात धावली. त्यांच्या जोडीला मालगाड्यांसाठी आलेला ‘खेकडा’ तर कुणी सौंदर्यस्पर्धेत उभा केला नसता. मध्ये लांब केबिन, दोन्हीकडे पुढे आलेली नाकं, विजेचं इंजिन असूनही चाकांना वाफेच्या इंजिनासारखे दांडे. वळणावर त्याचं अंग दोन जागी मुडपे. घाटात मात्र त्याने साठ वर्षांच्या आसपास इमानाने काम केलं. वरळीच्या नेहरू सायन्स सेंटरच्या आवारात एक खेकडा उभा आहे. शाळेच्या सहलीतली मुलं त्याच्यासमोर फोटो काढतात. त्यांना कुणीतरी वाकून तो जाडजूड आडवा दांडा दाखवावा, मोटरीचा जोर चाकांपर्यंत त्यातून कसा पोचायचा ते सांगावं, असं मला फार वाटतं.

वाफेच्या इंजिनांच्या बाबतीतही शहाणपण आलं, आणि त्यातही जीआयपीचा हात होता. १९३०च्या दशकात तिच्यासाठी व्हल्कन फाउंड्रीने एक्सपी नावाची पॅसिफिक इंजिनं बांधली. ती प्रयोगापुरती होती, आणि इंजिनं किती, तर फक्त दोन. त्यांच्यावरून मिळालेला अनुभव आणि माउंट कमिटीचा अहवाल समोर ठेवून दुसऱ्या महायुद्धाच्या काळात नव्या पॅसिफिकचा आराखडा झाला. बंदुकीच्या गोळीसारखं गोल नाक आणि त्यावर चांदणी असलेलं डब्ल्यूपी ज्यांनी पाहिलंय ते विसरत नाहीत. १९४७मध्ये अमेरिकेतल्या बाल्डविन कारखान्यातून त्याची पहिली खेप आली. ती १६ इंजिनांची होती, आणि त्यांच्या वर्गाच्या नावापुढे मुद्दाम आणखी एक ‘पी’ जोडलेला होता. डब्ल्यूपी-पी, म्हणजे हा नमुना आहे, अजून तपासायचा आहे. ती १६ इंजिनं भारतातल्या रुळांवर, भारतातला कोळसा जाळत धावली, त्यांच्यावरून आराखड्यात फेरफार झाले, आणि त्यानंतर मोठ्या ऑर्डरी निघाल्या. अमेरिका, कॅनडा, पोलंड, ऑस्ट्रिया आणि शेवटी चित्तरंजन मिळून १९६७पर्यंत ७५५ डब्ल्यूपी बांधली गेली.