शब्दही तोलून द्यावा

आपल्या पेढीवर माल तोलताना काटा दोनदा पाहिला जातो. शब्दाचे वजन मात्र क्वचितच पाहिले जाते. भिवंडी-वाडा मार्गावरील अंबाडीसारख्या गावातील दुकानदारालाही आज ऑर्डर, बिल आणि करार यांतील इंग्रजी शब्दांशी रोज गाठ घालावी लागते. त्यांतील काही जोड्या ऐकायला सारख्या, पण अर्थाने दूरच्या आहेत.

‘अ‍ॅक्सेप्ट’ म्हणजे स्वीकारणे, ‘एक्सेप्ट’ म्हणजे वगळून. ऑर्डरच्या कागदावर एकाऐवजी दुसरा पडला, तर हवा असलेला मालच बाजूला राहतो.

‘मार्कअप’ खरेदीच्या किमतीवर मोजतात, ‘मार्जिन’ विक्रीच्या किमतीवर. १०० रुपयांची वस्तू १२५ रुपयांस विकल्यास मार्कअप २५ टक्के होतो, मार्जिन मात्र २० टक्केच. २५ टक्के मार्जिन हवे असेल, तर तीच वस्तू सुमारे १३३ रुपयांस विकावी लागते.

‘वॉरंटी’ आणि ‘गॅरंटी’ बाजारात एकच समजल्या जातात. कायद्यात तसे नाही. १९३० च्या माल विक्री कायद्यानुसार वॉरंटी ही करारातील दुय्यम अट होय. ती मोडल्यास भरपाई मागता येते, पण केवळ त्या कारणाने माल नाकारता येत नाही. १८७२ च्या करार कायद्यातील गॅरंटी म्हणजे तिऱ्हाइताने आपले दायित्व पार न पाडल्यास ते आपण पार पाडण्याची हमी. स्नेह्याच्या उधारीसाठी सहज लिहिलेला हा शब्द त्याचे कर्ज आपल्या दारी आणू शकतो.

‘एक्झेम्प्ट’ व ‘झिरो रेटेड’ यांचेही तसेच. जीएसटीत निर्यात झिरो रेटेड असल्याने तिच्यासाठीच्या खरेदीवर भरलेल्या कराचे क्रेडिट मिळू शकते. देशातच विकलेल्या करमुक्त मालासाठी ते मिळत नाही.

तत्त्वार्थसूत्रात सत्याणुव्रताच्या अतिचारांमध्ये कूटलेखक्रिया, म्हणजे खोटा लेख करणे, सांगितली आहे. अजाणतेपणी चुकीचा शब्द लिहिणारा कपटी ठरत नाही, हे खरे. परंतु त्या शब्दावर विसंबलेल्याचे नुकसान तेवढेच होते. मुनींच्या भाषासमितीत वचन हितकर, मोजके आणि असंदिग्ध असावे, अशी अपेक्षा असते. श्रावकाच्या पेढीनेही त्यातील असंदिग्धपणा अवश्य उचलावा. शब्दाविषयी शंका असेल, तेथे त्याचा अर्थ शेजारी मराठीत लिहावा, रक्कम आकड्यांत मांडावी आणि मगच सही करावी.